रोज ऑफिस, सुट्टीला ट्रॅक: जीआर८६ मध्ये नेमकं कोणतं इंजिन ऑइल टाकावं?

चौथागिअर (फ्रिमाँट, कॅलिफोर्निया)

मंडळी, गाड्यांच्या विभागात तेलावर धागा काढणं म्हणजे भांडणाला आवतण, हे माहीत असूनही काढतोय.

गाडी टोयोटा जीआर८६, २०२३ चं मॉडेल, सहा गिअरची मॅन्युअल. इंजिन सुबारूचं एफए२४, म्हणजे २.४ लिटरचं बॉक्सर (सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे). टर्बो नाही. २२८ हॉर्सपॉवर, लाल रेघ ७५०० वर. सोमवार ते शुक्रवार ही गाडी ८८० आणि २३७ या हायवेंच्या गर्दीत रखडत सनीव्हेलला जाते. सुट्टीला जमेल तेव्हा लगुना सेकाचा ट्रॅक, नाहीतर विलोजजवळचा थंडरहिलचा. सुरुवात टोयोटाने गाडीबरोबर दिलेल्या नासाच्या फुकट ट्रॅक डेने झाली. (ही नासा रॉकेटवाली नव्हे, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन. आईला अजून खरं सांगितलेलं नाही, तिने पेढे वाटलेत.) आता टाइम ट्रायलमध्ये नाव घातलंय.

डीलर ०डब्ल्यू-२० टाकतो. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या लावतात तिथे) विचारावं तर जितकी तोंडं तितकी उत्तरं. कोणी ५डब्ल्यू-३०, कोणी ५डब्ल्यू-४०. एक आजोबा कॉर्व्हेटमधून उतरले, १५डब्ल्यू-५० म्हणाले आणि परत जाऊन बसले.

माझ्याकडचे आकडे देतो. लगुनाला सकाळच्या धुक्यात सत्र संपताना स्क्रीनवर तेलाचं तापमान २५५ ते २६० फॅरेनहाइट, म्हणजे १२५ सेल्सिअसच्या आसपास. थंडरहिलला भर उन्हाळ्यात २८० दिसलं, म्हणजे १३८. तिथे मी पाय काढला. रोजच्या ये-जा मध्ये मात्र २१० च्या वर काटा जात नाही.

दोन्हीला एकच तेल चालेल का? की प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी एक आणि नंतर दुसरं असा उद्योग करायचा?

पुस्तकपंडित

गाडीबरोबर एक पुस्तक मिळतं. ते ग्लोव्ह बॉक्समध्ये असतं. त्यात ०डब्ल्यू-२० लिहिलंय. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांच्यापेक्षा पॅडॉकमधल्या आजोबांना जास्त कळतं असं वाटत असेल तर पुढे बोलणं खुंटलं.

चौथागिअर

@पुस्तकपंडित, पुस्तक वाचलंय. त्याच पानावर, दोनच परिच्छेद खाली, असंही म्हटलंय की गाडी अतिवेगाने किंवा फार ताण देऊन चालवणार असाल तर जास्त दाट तेल अधिक योग्य ठरू शकतं. आता ‘ठरू शकतं’ याचा अर्थ किती दाट, हे तेवढं लिहिलेलं नाही. म्हणून तर धागा.

पुस्तकपंडित

बरं. हे वाक्य माझ्या नजरेतून सुटलं होतं.

रेडलाइन_रव्या (दुबई)

अहो, एवढा विचार कसला करताय? मोटुल ३००व्ही टाका आणि झोपा. आमच्याकडे दुबई ऑटोड्रोमला जो तो तेच टाकतो. १९७१ पासून चालत आलेलं तेल आहे, तीनशे विजयांवरून नाव पडलंय. एस्टर बेस आहे, धातूला चिकटून राहतं. इथे मे महिन्यात ट्रॅकवर उभं राहिलं तर बुटाचा तळवा मऊ होतो, त्यात टिकतं म्हणजे टिकतं. महाग आहे, पण शौक करायचा तर हात आखडता घेऊ नये.

किर्कलँडप्रेमी (सॅन होजे)

बे एरियात राहून कॉस्टको सोडून इतरत्र तेल घेणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. कॉस्टकोच्या किर्कलँड ब्रँडच्या फुल सिंथेटिकवर एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) तोच शिक्का असतो जो दुप्पट किमतीच्या डब्यावर असतो. माझी कॅमरी त्यावर दोन लाख मैलांपुढे गेली. तेलाला पैसे घालवण्यापेक्षा टायरला घाला.

रेडलाइन_रव्या

कॅमरी. ट्रॅकच्या धाग्यावर. धन्य.

वंगणवाला (सिल्वासा)

मी वंगण तेलाच्या धंद्यात आहे. आमचा माल तिकडे मिळत नाही, त्यामुळे जाहिरातीचा संशय घेऊ नये. थोडं सविस्तर लिहितो, कारण या धाग्यावर सगळे नावाबद्दल बोलतायत आणि प्रश्न नावाचा नाहीच.

आधी पुढचा, म्हणजे डब्ल्यूआधीचा, आकडा निकालात काढू. ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू यांतला फरक उणे ३५ आणि उणे ३० अंशांच्या चाचणीतला. फ्रिमाँटला हिवाळ्यात बादलीतलं पाणीही गोठत नाही. तेव्हा त्यावर डोकं शिणवू नका.

मागचा आकडा म्हणजे १०० अंशांना तेल किती दाट. २० ग्रेड ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ३० ग्रेड ९.३ ते १२.५, ४० ग्रेड १२.५ ते १६.३. पण ही मोजणी तेल बारीक काचनळीतून आपल्या वजनाने खाली उतरताना करतात. इंजिनात तसं निवांत काही चालत नाही. ७००० आरपीएमला क्रँक आणि बेअरिंग यांच्यातला थर मायक्रॉनमध्ये मोजायचा असतो, तिथे तेल अक्षरशः फाडलं जातं. त्यासाठी वेगळी चाचणी आहे: १५० अंश तापमान आणि जबरदस्त वेगाची घासणी. तिला एचटीएचएस म्हणतात, आकडा सेंटिपॉइजमध्ये येतो. २० ग्रेडला किमान २.६ हवा, ३० ग्रेडला किमान २.९, आणि ५डब्ल्यू-४० सारख्याला किमान ३.५.

आता खरी मेख इथे आहे. तुमच्या दुकानात एकाच फळीवर दोन डबे असतील, दोन्हीवर मोठ्या अक्षरात ५डब्ल्यू-३०. एकावर आयएलसॅक जीएफ-६ हे मानक (आता जीएफ-७ सुद्धा आलंय), त्याचा एचटीएचएस साधारण ३ च्या थोडा वर. दुसऱ्याच्या मागच्या बाजूला, चष्मा लावून वाचावं लागेल अशा अक्षरात, एसीईए सी३, फोक्सवागन ५०४ ०० किंवा पोर्शे सी३० असं युरोपियन मानक लिहिलेलं. त्याला ३.५ च्या खाली जायची परवानगीच नाही. ग्रेड तीच, पण बेअरिंगच्या दृष्टीने दुसरं तेल ४० च्या पंक्तीला बसतं. पहिलं पेट्रोल वाचवण्याच्या अमेरिकी नियमांसाठी बनवलेलं, दुसरं जर्मन रस्त्यांसाठी. म्हणून ‘मी ५डब्ल्यू-३० टाकलं’ एवढं सांगून काहीच कळत नाही. डबा उलटा करून वाचा.

तुमच्या आकड्यांकडे येतो. साधारण ०डब्ल्यू-२० तेल १०० अंशांना ८ सेंटिस्टोकच्या वर असतं. १३० अंशांना तेच ५ च्या आसपास येतं. उलट ४० ग्रेडचं चांगलं तेल १२५ ते १३० अंशांना ८ च्या जवळ असतं. म्हणजे ऑफिसला जाताना तुमचं इंजिन ज्या दाटपणावर चालतं तोच दाटपणा लगुनाच्या सत्राअखेरीस हवा असेल, तर तिथे ४० ग्रेड किंवा ३.५ वालं ३० ग्रेड लागेल. यात ब्रँडचा काही संबंध आला का? नाही. तापमान किती, एवढाच प्रश्न होता, आणि तो तुम्ही आधीच मोजून आलात. बहुतेक लोक मोजत नाहीत, फक्त तेल विचारतात.

मग १५डब्ल्यू-५० का नको? कारण अरुंद फटीसाठी बनवलेल्या इंजिनात फार दाट तेल ढकललं तर पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल फिरून परत चेंबरमध्येच (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं ते भांडं) येतं. काट्यावर प्रेशर छान दिसतं, पण बेअरिंगमधून वाहणारं तेल कमी. तेल वाहतं तेव्हाच उष्णता घेऊन जातं. शिवाय व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग तेलाच्याच दाबावर चालतं, ते सकाळी थंड इंजिनात सुस्तावेल. कॉर्व्हेटवाल्या आजोबांचं इंजिन वेगळं, त्याच्या फटी वेगळ्या.

रेडलाइन_रव्या

आणि ३००व्ही? त्याबद्दल शब्द नाही.

वंगणवाला

रव्या, ३००व्ही उत्तम तेल आहे, कोण नाही म्हणतंय. पण शर्यतीसाठी बनवलेल्या तेलाचा विचारच वेगळा असतो. त्यात झीज रोखणारं झिंक-फॉस्फरस जास्त, काजळी आणि आम्ल धरून ठेवणारी द्रव्यं बरेचदा कमी. ते तापतं, धावतं, आणि लवकर काढून टाकलं जातं. ऑफिसच्या गाडीत तेल महिनोन् महिने चेंबरमध्ये बसतं, रोज थोडं तापतं, रोज थोडं पाणी आणि पेट्रोल पितं. तिथे लागतात ती धुणारी द्रव्यं.

दुसरं, फॉस्फरस धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक. म्हणून आयएलसॅकच्या तेलात तो ८०० पीपीएमच्या आत बांधलेला आहे. कॅलिफोर्नियात स्मॉग चाचणीला सामोरं जायचं आहे, हेही विसरू नका. मोबिल स्वतः मोबिल १ रेसिंग नावाचं तेल विकते आणि स्वतःच सांगते की रस्त्यावरच्या गाडीत टाकू नका.

तुमची गाडी फक्त ट्रॅकवर जात असेल तर तुमचं बरोबर. यांची आठवड्यातले पाच दिवस ट्रॅफिकमध्ये उभी असते.

रेडलाइन_रव्या

माझी पण मॉलला जाते हो. पण मी दर दोन ट्रॅक डेनंतर बदलतो. त्यामुळे चालत असावं.

वंगणवाला

तेच म्हणतोय. वारंवार बदलणाऱ्याला सगळं चालतं.

किर्कलँडप्रेमी

म्हणजे मी किर्कलँडचं ५डब्ल्यू-३० टाकून वारंवार बदललं तर?

वंगणवाला

ऑफिससाठी निर्धास्त टाका. वाईट तेल नाहीच ते. लगुनाच्या १२५ अंशांनाही वेळ निभावेल. थंडरहिलच्या १३८ ला मी माझी गाडी त्यावर नेणार नाही. वारंवार बदलल्याने तेल ताजं राहतं, पण ताजं ३.१ हे ३.५ होत नाही.

नुर्बर्गचा_नाना (श्टुटगार्ट)

दाट तेलाचा विषय निघालाय म्हणून आमचीही भर. माझ्याकडे बीएमडब्ल्यू ई४६ एम३ आहे. एस५४ इंजिन, ३२४६ सीसी, सहा सिलिंडर सरळ रांगेत, ८००० पर्यंत ओरडतं. याला कंपनीनेच १०डब्ल्यू-६० सांगितलं, पूर्वी कॅस्ट्रॉल टीडब्ल्यूएस. सुरुवातीच्या वर्षांतल्या, २००१ ते २००३ च्या गाड्यांत कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची तक्रार आली, तेव्हा बीएमडब्ल्यूने मोहीम काढून ती बदलून दिली. त्यामुळे आमच्यात १०डब्ल्यू-६० हे जवळजवळ श्रद्धास्थान.

पण त्याच गाडीत दुसरी एक गोष्ट आहे, ती मला जास्त शिकवून गेली. आरपीएमच्या काट्याभोवती केशरी दिव्यांची माळ आहे. गाडी थंड असताना ४००० च्या वरचे सगळे दिवे पेटलेले असतात. तेल तापत जाईल तसा एकेक विझतो आणि वापरायची हद्द वर सरकते. साठचं तेल थंडीत मधासारखं. जानेवारीत सकाळी इथे उणे आठ असताना शेवटचा दिवा विझायला ऑटोबानवर किती वेळ जातो ते विचारू नका. पाण्याचा काटा केव्हाच मध्यावर आलेला असतो, तेल मात्र अजून कोमटच. लोक पाण्याचा काटा बघतात आणि गाडी पिळतात.

नॉर्डश्लाइफ, म्हणजे नुर्बर्गरिंगचा जुना लांब ट्रॅक, एका फेरीला २०.८ किमी. केसेलशेनचा चढ लागला की तेलाचा काटा डोळ्यांदेखत चढतो, कारण तिथे गॅस सोडायला जागाच नाही. शेवटच्या डॉटिंगर होहेच्या सरळ रस्त्यावर मी मुद्दाम वरच्या गिअरमध्ये टाकून आरपीएम पाडतो.

तात्पर्य नाही, पण सल्ला: माझं ६० बघून तुमच्या जीआर८६ मध्ये ६० टाकू नका. त्या इंजिनासाठी ते ठरवलंय, तुमच्यासाठी नाही.

नवशिक्या_नाशिक

माझ्याकडे ह्युंदाई आय२० एन लाइन आहे, १.० टर्बो. मी कसारा घाटात जोरात चालवतो. मी पण सी३ टाकू का?

वंगणवाला

पुस्तकात लिहिलेलं टाका, फक्त एपीआय एसपी शिक्का बघून घ्या. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी आरपीएमला जोर दिला की मिश्रण अवेळी पेटून पिस्टन फुटायची भीती असते. एसपी तेलाची त्यासाठी वेगळी चाचणी होते. आणि घाटात जोरात चालवू नका.

भोसरी_गॅरेज (पुणे)

गाड्या उघडून पोट भरतो, म्हणून दोन शब्द. कस्टमरच्या पोलो टीएसआय घेऊन चेन्नईला इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जातो अधूनमधून. ३.७ किमीचा ट्रॅक, आणि हवा अशी की पॅडॉकमध्ये उभ्या उभ्या घाम. तिथे जी इंजिनं बसलेली बघितली त्यात चुकीच्या ग्रेडने बसलेलं एकही आठवत नाही. तेल कमी असल्याने बसलेली मात्र भरपूर.

लोक हजार रुपये लिटरचं तेल आणतात आणि तेल मोजायची काडी बघत नाहीत. ट्रॅकवर इंजिन तेल पितं. घरून निघताना फुल होतं, रस्त्यात हजार-बाराशे किमी झालं, मग तीन सेशन. चौथ्याला लांब वळणावर तेल चेंबरच्या एका कडेला जातं, पंपाची चाळणी उघडी पडते, पंप हवा ओढतो. एक सेकंद. बेअरिंगला तेवढा पुरतो. मग घरी येताना टकटक आवाज, आणि कस्टमर म्हणतो तेल भेसळीचं होतं.

भेसळीचं पण असतं, ते वेगळं. आपल्याकडे रिकामे डबे भंगारवाल्याकडे जातात आणि तेच भरून परत येतात. म्हणून आम्ही रिकाम्या डब्याला भोक पाडूनच टाकतो. रस्त्यावरच्या दुकानातून स्वस्तात मिळालं म्हणून उचलू नका, कंपनीच्या डीलरकडूनच घ्या. तुमच्या अमेरिकेत तो त्रास नसेल.

आणि फिल्टर. चाळीस डॉलरचं तेल आणि तीन डॉलरचा फिल्टर हे जोडपं लावू नका. फिल्टर चोंदला की त्यातला बायपास उघडतो आणि न गाळलेलं तेल घाणीसकट थेट बेअरिंगला.

चौथागिअर

@भोसरी_गॅरेज, दादा, तुम्ही नेमकं दुखरं बोट दाबलंत. एफए२४ बद्दल तीच चर्चा आहे. लांब उजव्या वळणावर, चिकट टायर लावले की, तेलाचं प्रेशर क्षणभर पडतं असं गाडीत आकडे नोंदवणारा लॉगर लावणाऱ्यांनी दाखवलंय. शिवाय चेंबर उघडून बघितलेल्या काही जणांना पंपाच्या चाळणीवर सीलंटचे तुकडे सापडलेत. लगुना घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं, त्यामुळे बहुतेक वळणं डावी. उजवी येतात ती तिसरं, चौथं, कॉर्कस्क्रूचा दुसरा भाग आणि दहावं. दहावं वेगाचं आहे, पण फार लांब नाही. सोनोमाच्या ट्रॅकला गेलो तर चित्र वेगळं असेल.

दाट तेल टाकल्याने हे प्रेशर पडणं थांबेल का?

वंगणवाला

नाही. पंपाच्या तोंडाशी तेलच नसेल तर त्याची ग्रेड कोणती याने काय फरक पडणार? दाट तेल एवढंच करेल की बेअरिंगमधला उरलेला थर क्षणभर जास्त तग धरेल. आणि एक उलट बाजू: दाट तेल डोक्यातून, म्हणजे हेडमधून, चेंबरमध्ये परत यायला जास्त वेळ घेतं. बॉक्सर इंजिनात हेड दोन्ही बाजूंना आडवी असतात, वळणावर तेल बाहेरच्या हेडमध्येच साठतं. तेव्हा ग्रेड वाढवून हा प्रश्न सोडवल्याचं समाधान मानू नका.

भोसरी_गॅरेज

काडीवर फुलच्या खुणेला ठेवायचं, दर सेशननंतर बघायचं. सपाट जागी, गाडी बंद करून पाच-दहा मिनिटांनी, तेल खाली उतरू द्यायचं. काही जण खुणेच्या वर अर्धा लिटर ठेवतात. चालतं, पण त्याच्या पुढे जाऊ नका. क्रँक तेलात बुडून फेस करते, ब्रीदरमधून तेल इनटेकला जातं. ते तेल वाटेत अडवणारा कॅच कॅन लावलेला असेल तर बघा किती जमतंय.

सीलंटचं म्हणाल तर आमच्याकडे पोरांना मी एकच सांगतो, ट्यूब घेतली की हात आखडता. बाहेर दिसतं तेवढंच आत पण सांडतं.

मिआटावाली (न्यू जर्सी)

वाचतेय केव्हाची. आता राहवलं नाही.

मी माझी माझदा मिआटा मिलव्हिलच्या थंडरबोल्ट ट्रॅकवर नेते आणि रोज कामालाही तीच. नवरा म्हणतो दोन गाड्या घे, पण पार्किंग एकच आहे. तुमच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कोणीच बोललं नाही: काढलेलं तेल प्रयोगशाळेत पाठवा. इंडियानात ब्लॅकस्टोन नावाची लॅब आहे, किट फुकट पाठवते, तपासणीचे पैसे एका पिझ्झाच्या जेवणाएवढे. त्यात लोखंड, तांबं, शिसं, ॲल्युमिनियम किती पीपीएम ते येतं, दाटपणा किती उरला ते येतं, आणि फ्लॅश पॉइंटवरून (तेलाची वाफ पेट घेते ते तापमान) पेट्रोल किती मिसळलंय त्याचा अंदाज.

माझ्या रिपोर्टमध्ये मला ट्रॅकपेक्षा ऑफिसने जास्त दगा दिला. हिवाळ्यात आमचा प्रवास जेमतेम पाच मैलांचा. तेल धड तापतच नाही, पेट्रोल उडून जायला जे ९०-१०० अंश सलग लागतात ते मिळत नाहीत. त्या तेलाचा दाटपणा एक ग्रेड खाली घसरला होता. उन्हाळ्यात ट्रॅकवर दामटलेलं तेल त्याहून चांगलं निघालं.

म्हणून @चौथागिअर, तुम्ही दाट तेल शोधताय ट्रॅकसाठी, पण ते पातळ होतंय ८८० वर, थांबत-थांबत जाताना. लांबच्या ट्रॅक डेच्या आधी महिनाभर ट्रॅफिक खाल्लेलं तेल घेऊन गेलात तर डब्यावर काय लिहिलं होतं त्याला अर्थ नाही.

वंगणवाला

हा या धाग्यावरचा सर्वांत कामाचा प्रतिसाद. माझ्या लांबलचक व्याख्यानासकट.

एफए२४ मध्ये पोर्ट (पेट्रोल सिलिंडरबाहेर फवारणारं) आणि डायरेक्ट (थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) अशी दोन्ही इंजेक्शन आहेत, त्यामुळे निव्वळ डायरेक्टवाल्या टर्बोइतकं पेट्रोल उतरत नाही. पण उतरतं.

पुस्तकपंडित

आणि वॉरंटी? पुस्तकाबाहेरचं तेल टाकून इंजिन गेलं तर?

चौथागिअर

अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. अमुक ब्रँडचंच तेल किंवा फिल्टर वापरला नाही म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्यामुळेच झाला हे त्यांनी दाखवायला हवं. पण शर्यतीत झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, तो भाग वेगळा. टाइम ट्रायलचे फोटो इन्स्टावर टाकून नंतर डीलरकडे जाऊन ‘मी तर फक्त दूध आणायला गेलो होतो’ म्हणणाऱ्यांची गय होत नाही, हे ऐकून आहे. पावत्या ठेवतो, फोटो टाकत नाही.

नुर्बर्गचा_नाना

इथे विमा कंपन्यांचंही तेच. रिंगवर ठोकलीत तर पॉलिसीतली बारीक अक्षरं आधी वाचा. तेलाच्या डब्यासारखंच.

चौथागिअर

ठरलं ते लिहून ठेवतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्याला शोधायला नको.

५डब्ल्यू-३०, पण मागे एसीईए सी३ आणि फोक्सवागन ५०४ ०० असलेलं. वर्षभर तेच, ऑफिसला पण आणि लगुनाला पण. जून ते सप्टेंबरमध्ये थंडरहिल असेल तेव्हा त्याऐवजी मोबिल १ चं एफएस ०डब्ल्यू-४०, पोर्शे ए४० वालं. वॉलमार्टात पाच क्वार्टचा कॅन मिळतो, शोधाशोध नाही. त्यावर पण २७० फॅरेनहाइट दिसलं की एक फेरी निवांत, वरच्या गिअरमध्ये, आणि मग पिटमध्ये. ऑइल कूलर पुढच्या वर्षी, बोनस आला तर. सुबारू बीआरझेडला, म्हणजे याच गाडीच्या जुळ्या बहिणीला, ६००० मैलांना बदला म्हणते, मी निम्म्यावर बदलणार, आणि ट्रॅक डेच्या आधीचं बदलणं चुकवणार नाही. नंतर परत बदलायचा उद्योग मात्र नाही करत.

@वंगणवाला, यात काही खटकतंय का?

वंगणवाला

एक बारीक गोष्ट. ०डब्ल्यू-४० मध्ये पुढचा-मागचा आकडा लांब ताणायला पॉलिमर जास्त घालावा लागतो, आणि तो पॉलिमर घासणीत तुटतो. म्हणजे नवं असताना ४०, बऱ्याच सत्रांनंतर वरच्या ३० मध्ये. तुम्ही निम्म्यावर बदलणार असाल तर फिकीर नाही. बाकी ठीक.

रेडलाइन_रव्या

शेवटी निवडलंत काय, तर वॉलमार्टचं तेल. मी इथून एक कॅन ३००व्ही पाठवू का, भेट म्हणून?

किर्कलँडप्रेमी

पाठवा, मी कॅमरीत टाकतो.

मिआटावाली

@चौथागिअर, नमुना घेताना एवढं बघा: गाडी फिरवून तेल गरम असताना काढायचं, आणि बाटली पहिल्या धारेखाली धरायची नाही. चेंबरच्या तळाचा गाळ आधी येतो. थोडं वाहू द्या, मधली धार घ्या. शेवटचे थेंब पण नकोत. बाटलीवर मैल, तेलाचं पूर्ण नाव आणि मध्ये किती टॉपअप केलं ते लिहा, नाहीतर लॅबवाले तेच विचारत बसतात. आणि पहिल्या रिपोर्टवरून तेल बदलू नका, तिसरा येईपर्यंत थांबा.

चौथागिअर

किट मागवलं. आईने विचारलं डब्यात काय आलंय, तर नासाकडून आलंय म्हणालो.